चार गाण्यांचा ईपी आणि गिटारखाली दबलेला आवाज

प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरातला पाच जणांचा प्रोग्रेसिव्ह मेटल बँड. गायिका शास्त्रीय शिकलेली, पट्टी काळी ४, सुरेल गाते आणि ग्रोलही (घशातून गुरगुरल्यासारखा आवाज) करते. सात तारांच्या दोन गिटार, सातवी तार ए वर उतरवलेली. बास, आणि खरे ड्रम. चार गाण्यांचा ईपी (अल्बमपेक्षा छोटा संच) काढायचाय, मिळून बत्तीस मिनिटं. जवळ दोन इनपुटचा इंटरफेस (माइक-गिटार लॅपटॉपला जोडणारी पेटी) आणि उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीत, पत्र्याच्या छताची एक खोली. डेमोमध्ये आवाज गिटारखाली दबतो. रेकॉर्डिंगला पुण्या-मुंबईला जावं का, आणि माइक कुठला घ्यावा?

माइकचं उत्तर बऱ्याच खाली येईल, कारण दबलेल्या आवाजात माइकचा वाटा सगळ्यांत कमी असतो. गायिकेची पट्टी कुठली, चाल गिटारच्या कुठल्या जागेत फिरते आणि गिटारचे किती ट्रॅक एकावर एक चढवले, यावरच तो बहुतेक वेळा रेकॉर्डिंगच्या आधी दबलेला असतो. तीच रचना घेऊन पुण्याला गेलात तर तिथंही दबेल, फक्त जास्त पैशांत.

आधी बत्तीस मिनिटांचं बघा. चार ते सहा ट्रॅक असतील तर स्पॉटिफाय आणि ॲपल म्युझिक दोघंही एकूण लांबी तीस मिनिटांच्या आत असेल तरच त्याला ईपी म्हणतात. बत्तीस मिनिटं झाली की चार गाणी असूनही तो अल्बम म्हणून लागतो. युक्रेनच्या जिंजर बँडनं २०१९ मध्ये 'मायक्रो' नावाचा पाच ट्रॅकचा ईपी काढला आणि त्याच वर्षी पुढं पूर्ण अल्बम. या प्रकारात लोक ईपीकडं नमुना म्हणून बघतात आणि लांबण माफ करत नाहीत. अडीच मिनिटं कापायला जागा कुठं असते? सुरुवातीच्या वातावरणनिर्मितीत, आणि गायन नसलेला रिफ (गिटारचा परत परत येणारा तुकडा) आठ वेळा वाजतो तिथं. चार वेळा पुरतो. केसरबाई केरकरांनी ७८ च्या तबकडीच्या साडेतीन मिनिटांत राग उभा केला आणि ते ध्वनिमुद्रण १९७७ मध्ये व्हॉयेजरबरोबर अवकाशात गेलं. आपल्या गाण्यातली अडीच मिनिटं सुटायला हरकत नसावी.

आता पट्टी. तुमच्या गिटारचा खर्ज ए, म्हणजे ५५ हर्ट्झ. गायिकेचा सा काळी ४, म्हणजे जी शार्प. अर्ध्या स्वराचा फरक. किरकोळ वाटतो, पण कोरसमध्ये (ध्रुवपदात) तार सप्तकातला गंधार-मध्यम लावायचा असेल तर हाच अर्धा स्वर तिला मोकळ्या आवाजातून ओढलेल्या आवाजात ढकलतो. मग गायिका चाल खाली आणते, आणि चाल मध्य सप्तकाच्या पूर्वांगात, साधारण २०० ते ३०० हर्ट्झमध्ये फिरायला लागते. डिस्टॉर्शन लावलेल्या (मुद्दाम आवाज फाडलेल्या) गिटारचा सगळा गाळ नेमका १५० ते ५०० मध्ये असतो. तुमच्या डेमोत आवाज इथंच बुडालाय.

उपाय स्वस्त आहे. प्रत्येक गाण्याचा कच्चा गिटार ट्रॅक सॉफ्टवेअरमध्ये अर्धा स्वर खाली, एक स्वर खाली आणि अर्धा स्वर वर सरकवून गायिकेला तिन्हींवर कोरस गायला लावा. कोरसचा सगळ्यांत जोराचा स्वर तिच्या पंचमापासून तार गंधारापर्यंत कुठंतरी पडला पाहिजे, आणि चौथ्या टेकलाही तो तितकाच सहज लागला पाहिजे. जी शार्प बरोबर निघाला तर सगळ्या गिटार अर्धा स्वर उतरवा आणि सातवी तार किमान .०६४ ची लावा. त्याहून बारीक तार जोरात छेडली की सुरुवातीला चढते आणि मग खाली येते, ट्यूनरवर काटा नाचताना दिसतो. जाडी बदलली की ब्रिजवर इंटोनेशन परत जुळवायचं. हे विसरलं तर बाराव्या पडद्याच्या वरचं सगळं बेसूर, आणि ते मिक्समध्ये दुरुस्त होत नाही.

शास्त्रीय शिकलेल्या गायिकेबाबत आणखी एक गोष्ट आहे, ती फारसं कुणी सांगत नाही. तानपुऱ्यावर तयार झालेल्या कानाचा शुद्ध गंधार सा पासून ३८६ सेंटवर असतो (अर्धा स्वर म्हणजे शंभर सेंट). गिटारच्या पडद्यावरचा आणि कीबोर्डचा ४०० सेंटवर. चौदा सेंटचा फरक. कोमल गंधार उलटा, तानपुऱ्याचा ३१६ आणि पडद्याचा ३००. पंचम मात्र ७०२ आणि ७००, म्हणजे जवळपास एकच. मेटलमध्ये पॉवर कॉर्ड सा आणि पंचमाचीच असते, त्यामुळं तिचा गंधार तिच्या जागी लागला तरी कुणाशी भांडत नाही, उलट सुंदर बसतो. भांडण होतं ते पॅड (कीबोर्डचा लांब धरलेला आवाज) किंवा क्लीन गिटार गंधारासकट कॉर्ड धरते तेव्हा. लांब स्वराखाली गंधार वाजवू नका, किंवा तिथं तिनं पॅड ऐकत गावं. पिच करेक्शन (ऑटो-ट्यूनसारखं सूर सरकवणारं सॉफ्टवेअर) लावून तिचा प्रत्येक गंधार ४०० वर आणू नका. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी होते तेव्हापासून या गावात आकाराची गायकी मुरलेली आहे. त्या तालमीची मींड आणि गमक हे ऑटो-ट्यूनला चूक वाटतं आणि ते सगळं जिन्यासारखं पायऱ्या-पायऱ्यांचं करून ठेवतं. दुरुस्ती करायचीच तर हातानं, फक्त ठेवलेल्या स्वरांवर, आणि स्वराचा मध्य हलवून. जोडणीच्या जागा तशाच.

रेकॉर्डिंगच्या आधीचं शेवटचं काम म्हणजे क्लिक (कानात वाजणारा मेट्रोनोम). प्रत्येक गाण्याचा पूर्ण टेम्पो मॅप आधी बनवा: कुठं किती बीपीएम, कुठल्या बारपासून (आवर्तनापासून) कुठलं माप. सात मात्रांच्या रिफला क्लिकचा जोर रिफच्या खंडाप्रमाणं द्या. गिटारवाला २+२+३ मोजतोय आणि गायिकेच्या अंगात रूपकाचे ३+२+२ आहेत, तर दोघं समेवर भेटतात आणि मधे प्रत्येक शब्द घसरतो. असा घोळ ऐकताना 'गायिका लयीत कच्ची' असा वाटतो. खरं म्हणजे क्लिक चुकीचा लावलेला असतो. पॉलिमीटरला (दोन वेगळी मापं एकाच वेळी चालतात तिथं) हिशेब कागदावर मांडा. सात सोळांशाचा रिफ चार-चारच्या ठेक्यावर फिरवला तर तो सात बारांनी समेवर येतो. पण ओळ चार बारांची असते, म्हणजे ६४ सोळांश. त्यात सातचा रिफ नऊ वेळा बसून ६३ होतात आणि एक उरतो. तो एक कुठं टाकायचा, शेवटच्या फेरीला आठ करून की विराम देऊन, हे ड्रमर, दोन्ही गिटार आणि बास यांचं आधी ठरलेलं नसेल तर एडिटिंगमध्ये चार दिवस जातात.

ड्रमसाठी दोन इनपुट पुरत नाहीत, आणि इथंच लोक पुण्याच्या गाडीत बसतात. त्याआधी गावातल्या साउंडवाल्यांकडं चौकशी करा. कार्यक्रमांना ते जे डिजिटल मिक्सर नेतात, त्यांत बेहरिंगर एक्स-३२ सर्रास असतो, आणि त्याच्या यूएसबी कार्डातून ३२ ट्रॅक एकाच वेळी लॅपटॉपवर जातात. मिक्सर, ड्रमचे माइक आणि स्टँड असं दोन दिवसांचं भाडं ठरवा. लग्नसराई, गणपती आणि नवरात्र सोडून, मधल्या वारी. हा मिक्सर ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झवरच चालतो, म्हणून सगळा प्रोजेक्ट पहिल्यापासून ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर ठेवा. ४४.१ ची फाइल रूपांतर न करता ४८ च्या प्रोजेक्टमध्ये ओढली गेली तर ती जवळजवळ दीड सेमीटोन चढून वाजते.

ट्रॅक असे: किक, स्नेअर वरून, स्नेअर खालून, तिन्ही टॉम, दोन ओव्हरहेड (सगळ्या संचाच्या वर टांगलेले माइक). हे आठ कुणीही सांगेल. या संगीताला हाय-हॅट आणि राइडचे वेगळे माइकही लागतात, कारण मोजणी बऱ्याचदा राइडच्या घंटीवर चाललेली असते आणि ओव्हरहेडमध्ये ती क्रॅशखाली जाते. स्नेअरच्या मध्यापासून दोन्ही ओव्हरहेडपर्यंतचं अंतर सुतळीनं मोजून सारखं करा. ३४ सेंटिमीटरचा फरक म्हणजे एक मिलिसेकंद, आणि तेवढ्यानं स्नेअर पोकळ होतो. स्नेअरच्या खालच्या माइकची पोलॅरिटी (सिग्नलचे धन-ऋण) उलटी करून ऐका, ज्या बाजूला आवाज भरीव होईल ती ठेवा. वरची कातडी नवी हवीत, पण त्याच सकाळी चढवलेली नकोत. एक दिवस ताण खाऊ द्या. पेडलला तेल घाला, शांत भागात त्याची कुरकुर ऐकू येते. आणि सामान आवरण्याआधी प्रत्येक ड्रमचे हलके ते जोरकस असे दहा-बारा सुटे ठोके रेकॉर्ड करून ठेवा. पुढं दोन्ही पायांनी वाजवलेल्या किकच्या वेगवान पट्ट्यात किक पडेल तेव्हा विकतच्या सँपलऐवजी तुमच्याच किकचे सँपल खाली घालता येतील.

खोली. पत्र्याचं छत असेल तर जून ते सप्टेंबर विसरा. पावसाचा आवाज तर येतोच, शिवाय फ्लोअर टॉमबरोबर पत्राही वाजतो. ड्रमच्या दोन दिवसांसाठी बाहेर दहा फुटांपेक्षा उंच छताची, सामानानं भरलेली खोली मिळवा. रिकाम्या हॉलमध्ये सिंबलचा कालवा होतो. गायन आणि गिटार मात्र तुमच्याच खोलीत होतील. वाकळा आणि घोंगडी टांगा, पण भिंतीला चिकटवून नाही. चार-सहा इंच सोडून टांगल्या तर जास्त खालपर्यंत शोषतात. तरी बासचा घुमारा त्या शोषत नाहीत. त्यासाठी कोपऱ्यात कापसाच्या जुन्या गाद्या उभ्या करा. अंड्यांचे ट्रे लावू नका, त्यांचा उपयोग नाही आणि उंदीर येतात.

उद्यमनगरात वीज हा स्वतंत्र विषय. शेजारी लेथ किंवा वेल्डिंग चालू झालं की लाइनमध्ये टकटक येते आणि हाय-गेन गिटार ती दहापट करून ऐकवते. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये मल्टिमीटर लावून बघा. दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर आधी वायरमनला बोलवा. गुणगुण घालवायला अर्थिंगची पिन काढणं हा जिवावरचा खेळ आहे. गिटारच्या वेळी लॅपटॉप बॅटरीवर चालवा, ट्यूबलाइट आणि डिमर बंद ठेवा. घरचा स्क्वेअर-वेव्ह इन्व्हर्टर चालू असताना टेक घेऊ नका. कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी किंवा रात्री नऊनंतर काम केलं तर यातल्या निम्म्या कटकटी आपोआप जातात.

गिटार थेट इंटरफेसच्या हाय-झी (गिटारसाठीच्या) इनपुटमध्ये, शिखर उणे १२ डीबीच्या आसपास, अँप आणि कॅबिनेट सॉफ्टवेअरमधून. कोरडा (अँपचा परिणाम न लावलेला) सिग्नल कायम जपून ठेवा. गेन तालमीत ठेवता त्यापेक्षा बराच कमी. दोन ट्रॅक एकत्र आले की तो आपोआप भरतो. आणि ट्रॅक दोनच: एक पूर्ण डावीकडं, एक पूर्ण उजवीकडं, दोन्ही वेगवेगळे वाजवलेले. एकच टेक कॉपी करून सरकवला तर रुंदी येत नाही, फेज बिघडतो. चार ट्रॅकची भिंत फक्त गायन नसलेल्या जागी उभी करा. मग गायन येतं तेव्हा भिंत आपोआप पातळ होते आणि आवाजाला फेडर न हलवता जागा मिळते. कडव्याखाली दोन्ही गिटारनी पूर्ण कॉर्ड ठोकत बसायची गरजही नसते. एकीनं वरच्या तारांवर जावं.

बास दोन ट्रॅकवर विभागा: २०० हर्ट्झच्या खालचा स्वच्छ, दाबून सपाट केलेला, वरचा डिस्टॉर्शनचा. इतक्या खाली उतरवलेल्या बासचा मूळ स्वर २६ हर्ट्झवर जातो, तो फोनवर तर सोडाच, बऱ्याच स्पीकरवरही येत नाही. ऐकू येतात ते त्याचे वरचे हार्मोनिक, आणि ते डिस्टॉर्शनच पुरवतं.

आता गायन. वेळेची वाटणी करताना बँड ड्रमला दोन दिवस, गिटारला आठ दिवस आणि गायनाला शेवटची एक दुपार देतात. या ईपीला गायनासाठी किमान सहा बैठका ठेवा, प्रत्येकी दीड-दोन तासांची, आणि त्यांच्यामध्ये एकेक दिवस मोकळा.

बैठकीत आधी सुरेल गायन, मग ग्रोल. उलटं कधीच नाही. ग्रोलचा वेळ तीस-चाळीस मिनिटांपुरता. नीट केलेला ग्रोल खऱ्या स्वरतंतूंच्या वरच्या पडद्यांतून निघतो. घशात दुखलं किंवा बोलताना आवाज बसला तर जोर खालच्या तंतूंवर पडतोय, बैठक तिथंच संपवा. जेवण तीन तास आधी. तांबडा रस्सा रेकॉर्डिंगनंतर; घशाशी आलेलं आम्ल तार सप्तकात लगेच कळतं. पाणी कोमट.

सुरेल गाताना तोंड माइकपासून १५ ते २० सेंटिमीटर, मधे पॉप फिल्टर. ग्रोलला ५ ते ८. दोन्हींचे ट्रॅक वेगळे, गेन वेगळा, कारण तंत्र बरोबर असेल तर ग्रोल वाटतो त्यापेक्षा खोलीत बराच हळू असतो आणि तार सप्तकातला मोकळा आकार कितीतरी मोठा. एकाच ट्रॅकवर दोन्ही घेतले की एक फाटतो किंवा दुसरा खोलीच्या आवाजात हरवतो. जिथं एका श्वासात सुरेल ओळीतून ग्रोलमध्ये जायचंय, तिथं ती जागा एकदा सलग गाऊन घ्या, आणि तो श्वास नंतर कापू नका. दोन तुकडे शिवण दिसू न देता जोडायला तोच लागतो.

मराठी शब्द असतील तर दोन खबरदाऱ्या. भ, फ, ध यांचा झोत माइकवर आदळतो, म्हणून माइक तोंडाच्या रेषेत न ठेवता किंचित बाजूला, नाकाच्या उंचीवर आणि ओठांकडं वळवलेला. आणि 'चटका', 'चांदणं' यांतला दंत्य च स इतकाच सळसळतो; डी-एसर (ही सळसळ दाबणारं साधन) ६ ते ९ किलोहर्ट्झमध्ये कुठं बसवायचा हे या शब्दांवर ठरवा. जास्त दाबला तर च चा त होतो आणि ओळ बोबडी ऐकू येते.

माइक? या खोलीत डायनॅमिक. शूअर एसएम ५८ असेल तर त्यावरच सुरू करा, ग्रोलला तो हातात धरूनही चालतो. एसएम ७बी चांगला, पण त्याला ६० डीबीच्या आसपास गेन लागतो आणि स्वस्त इंटरफेस तिथं सळसळायला लागतात. स्वस्त कंडेन्सर घेऊ नका: तो शेजारचा लेथ, पंखा आणि तिच्या आवाजातली वरची धार, तिन्ही वाढवून देतो. पावसाळ्यात दमट हवेनं त्याची कॅप्सूलही तडतडते. घेतलाच तर सिलिका जेलसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

प्रत्येक ओळीचे तीन-चार पूर्ण टेक पुरतात. चौदाव्या टेकमध्ये सूर असतो, जीव नसतो. कोरसला मुख्य आवाज मध्यभागी, दोन डबल (तीच ओळ परत गायलेले टेक) बाजूंना त्याच्यापेक्षा आठ-दहा डीबी खाली. डबलमधली शेवटची व्यंजनं मुख्य आवाजाशी जुळवा किंवा कापूनच टाका, नाहीतर एकाच ओळीला तीन स ऐकू येतात. ग्रोलचे दोन टेक डावी-उजवी अर्ध्यावर.

मिक्स स्वतः करू नका. पैसे बाहेर खर्चायचे असतील तर इथं खर्चा, स्टुडिओच्या भाड्यात नको. मिक्स करणाऱ्याला सगळ्या फाइली पहिल्या बारच्या शून्यापासून एकसारख्या लांबीच्या द्या, २४ बिट वेव्ह. सोबत टेम्पो मॅपची मिडी फाइल, कोरडे गिटार आणि तुमचा टोन दोन्ही, आणि एक कच्चं मिक्स, जेणेकरून आवाज किती पुढं हवाय ते बोलून सांगावं लागणार नाही. पट्टी आणि रचना नीट झाली असेल तर त्याला गिटारमध्ये २ ते ३.५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, फक्त आवाज चालू असताना, दोन-तीन डीबी उतरवणं पुरेल. सात-आठ डीबी कापावे लागत असतील तर फाइली परत घ्या आणि गिटारच्या रचनेवर काम करा. आवाजावर एका कॉम्प्रेसरनं आठ डीबी दाबण्यापेक्षा दोघांनी तीन-चार डीबी, आणि वर शब्दाशब्दाला हातानं ऑटोमेशन. सातच्या मापात डिले पाव नोटेवर लावला की तो ओळीच्या उलट्या बाजूला पडतो, अष्टमांशावर ठेवा.

मास्टरला शिखर उणे १ डीबी ट्रू पीकच्या खाली. स्पॉटिफाय उणे १४ एलयूएफएसवर (ऐकू येणाऱ्या सरासरी मोठेपणाचं माप) आणून वाजवतो, म्हणून उणे ६ पर्यंत पिळून काढण्यात हाती काही येत नाही. ड्रमचा ठोका तेवढा चपटा होतो.

चारही मास्टर हातात आले की लांबी परत एकदा जोडून बघा. तालमीत कापलेली अडीच मिनिटं शेवटच्या गाण्याच्या फीडबॅकच्या शेपटीनं आणि रिव्हर्ब विरेपर्यंत ठेवलेल्या शांततेनं हळूच परत आलेली असतात, आणि तीस मिनिटं चार सेकंदांचा ईपी हा स्पॉटिफाय-ॲपलच्या हिशेबी अल्बमच असतो.